बिननक्षीचा आरसा

११ जानेवारी २०२५, शनिवार

नोकरीत होतो तेव्हा साइटची डायरी रोज लिहायचो. सिमेंटच्या गोण्या किती आल्या, मजूर किती आले, ठेकेदारानं आज कोणती थाप मारली. निवृत्त झालो आणि सवय मोडली. विमा एजंट दरवर्षी डायरी आणून देतो, तिच्यात माझी बायको सुहासिनी दुधाचे खाडे मांडते. यंदाची मी मागून घेतली. आज जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि मी सगळं जिला सांगतो तिलाच हे सांगता येणार नाही.

सकाळी आंघोळ करून ती हॉलमधल्या आरशासमोर कुंकू लावायला उभी राहिली. मी पेपर वाचत होतो. "अहो," अशी हाक आली. ही हाक मी चाळीस वर्षं ऐकतो आहे, पण आजची वेगळी होती. जाऊन बघतो तर चेहऱ्याची डावी बाजू उतरलेली. ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, डावा डोळा मिटता मिटेना. म्हटलं, अर्धांगवायू.

शेजारच्या शकुंतलाबाईंनी गाडी काढली. बाई इंदूरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि गाडी चालवतात तशाच बोलतात, म्हणजे ब्रेक न लावता. कोलार रोडच्या त्या गर्दीतून त्यांनी आम्हाला दवाखान्यात कसं पोचवलं ते देवाला ठाऊक. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, कपाळाला आठ्या घालायला लावल्या आणि म्हणाले, "घाबरू नका. हा मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. बेल्स पाल्सी म्हणतात याला. बहुतेकांचं पूर्ण बरं होतं, काहींचं थोडं राहून जातं. महिने लागू शकतात."

मी औषधं आणतो म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहून रडलो. केमिस्टनं मला आधी पाणी दिलं आणि मग गोळ्या.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत. दरवर्षी रथसप्तमीच्या आत आमच्याकडे हळदीकुंकू असतं. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बायकांनी इतका भरतो की मी माझ्या चपला घेऊन कालियासोत धरणाच्या बाजूला फिरायला जातो. आज सुहासिनी म्हणाली, "तिळगूळ शकुंतलाकडे देऊन टाका. या वर्षी नको." प आणि ब म्हणताना तिच्या ओठातून वारा निसटतो, म्हणून ती छोटी छोटी वाक्यं बोलते. तोंडावर पदर धरून बोलते. मी म्हटलं, "चैत्रात करू. चैत्रगौरीचं." ती म्हणाली, "मला आता कुणासमोर यायचंच नाही."

भजनी मंडळात पहिली ओळ उचलणारी बाई ही. लवकर बरी होऊ दे, एवढंच देवाजवळ.

१५ जानेवारी, बुधवार

आरशाबद्दल लिहून ठेवतो, कारण आज दिवसभर तोच डोक्यात आहे.

छप्पन साली नागपूरहून सरकारी कचेऱ्या इकडे, नव्या राजधानीत आल्या, त्यांच्याबरोबर आमचे वडील आले. नारायणराव, सचिवालयात हेडक्लार्क. पुढे काही वर्षांनी चार इमलीतल्या एका बंगल्यात डेन्मार्कचा एक साहेब राहत होता, दुग्धव्यवसायाचा सल्लागार. तो मायदेशी परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. रेडिओ, खुर्च्या, टेबलं सगळं उठलं. आरशावर कुणी बोली लावेना. उभा आरसा, सागवानी चौकट, कोपरे गोलसर, खाली वीतभर लांबीची फळी, आणि अख्ख्या चौकटीवर एक फूल नाही की वेल नाही. वडिलांना दया आली आणि ते तो सायकलवर बांधून घेऊन आले. आई म्हणाली, "हा आरसा आहे की जेवायचा पाट? साधी नक्षी नाही मेल्याला." पण खालच्या फळीवर तिचा कुंकवाचा करंडा बरोबर बसला, म्हणून आरसा घरात राहिला. आधी ती त्यात कुंकू लावायची, मग सुहासिनी. मेणावर पिंजर, जुन्या पद्धतीचं. टिकलीचं पाकीट आमच्या घरात आलेलं नाही. फळीच्या मधोमध लाल डाग पडला आहे तो दोघींचा मिळून.

आणि आमच्या घरची एक रीत आहे. बाहेर पडताना दोघांनी आरशासमोर उभं राहायचं. ती माझी कॉलर सारखी करते, मी तिचं कुंकू बघतो. माझी नजर ओळंब्याची. वाकडं काही सहन होत नाही मला. "एक सूत डावीकडे," असं मी म्हणतो. सूत म्हणजे आमच्या गवंड्यांच्या भाषेत इंचाचा आठवा भाग. ती बोटानं सारखं करते आणि मग कुलूप. आमच्या लग्नात अंतरपाट तिरका धरला आहे असं मी मामांना सांगितलं होतं, मंगलाष्टकं चालू असताना. सुहासिनी पलीकडे हसली आणि तिच्या हातातली माळ खाली पडली. तिच्या माहेरचे अजून सांगतात.

आज संध्याकाळी ती त्या आरशासमोर उभी होती. दिवा लावला नव्हता. मी मागून आलो ते तिला कळलं नाही. ती रडत होती आणि रडतानाही अर्धाच चेहरा रडत होता. मला बघवलं नाही. मी आत निघून गेलो.

१६ जानेवारी, गुरुवार

काम फत्ते. दुपारी ती झोपली होती तेव्हा आरसा काढला, चादरीत गुंडाळला आणि रिक्षानं अशोका गार्डनला अनीसभाईंच्या दुकानात नेऊन ठेवला. अनीसभाई जुन्या फर्निचरचं पॉलिश करतात. मी सांगितलं, "घाई नाही. आरामात करा." ते म्हणाले, "अंकल, ऐसा ग्राहक पहली बार देखा जो कहता है जल्दी मत करो."

बाथरूममधल्या कपाटाचं आरशाचं दार उलटं बसवलं. बेडरूमच्या कपाटावर मोठं कॅलेंडर टांगलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुहासिनी उठली, हॉलमधल्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहिली. चौकटीच्या जागी रंग जरा उजळ राहिला आहे.

"आरसा?"

"पॉलिशला दिला. वाळवी लागायच्या आत."

"सागवानाला?" ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. बरं वाटलं असणार तिला.

२२ जानेवारी, बुधवार

दाढी करताना तीन ठिकाणी कापलं. स्टीलच्या ताटात बघून दाढी करणं हा माणसानं करायचा उद्योग नाही.

तिच्याकडे टक लावून बघायचं नाही असं मी ठरवलं आहे. आजारी माणसाला सगळ्यांच्या नजरा टोचतात. जेवताना मी ताटाकडे बघतो, बोलताना टीव्हीकडे. घरात तरी तिला मोकळं वाटलं पाहिजे. ती हल्ली माझ्या डाव्या हाताला बसते, म्हणजे तिची उजवी बाजू माझ्याकडे येते. पंख्याचं वारं लागत असेल तिकडून. पण जानेवारीत पंखा कुठे चालू आहे?

२९ जानेवारी, बुधवार

तिचं कुंकू वाकडं लागतं.

आरसा नाही, अंदाजानं लावते. आज दोन सूत उजवीकडे होतं. परवा तर भुवईला टेकलं होतं. तोंडापर्यंत शब्द आला होता माझ्या. गिळला. आधीच चेहऱ्याचं दुःख, त्यात मी वाकडं वाकडं म्हणत बसू? चाळीस वर्षं बोललो ते पुष्कळ झालं. ती दाराशी दूधवाल्याकडून पिशव्या घेत होती, तो तिच्या कपाळाकडे बघत होता, आणि मला त्या दूधवाल्याचाच राग आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. शकुंतलाबाई स्वतःकडच्या हळदीकुंकवाचं वाण घेऊन आल्या. सुहासिनीनं बेडरूमचं दार लावून घेतलं. मी सांगितलं, झोपली आहे. बाई म्हणाल्या, "केशवराव, माणूस दिवसाढवळ्या किती झोपतं?" आणि वाण ठेवून गेल्या. चहा गाळायची गाळणी होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओथेरपीवाली मुलगी आली, प्राजक्ता. ग्वाल्हेरची आहे, हसरी. तिनं व्यायामाचा कागद दिला. भुवया उचला, गाल फुगवा, शिट्टी वाजवल्यासारखं करा, दात दाखवा. "रोज आईने के सामने, आंटी. म्हणजे आरशासमोर बसून. आपण काय करतोय ते दिसलं पाहिजे, तरच नस शिकते."

ती गेल्यावर मी म्हटलं, "आरसा कशाला? मी आहे ना. मी समोर बसतो, तू कर." सुहासिनीनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बसा."

मी समोर बसलो. कागद हातात धरून एकेक वाचत गेलो. तिला संकोच वाटू नये म्हणून मान वर केली नाही. ती म्हणाली, "तुम्ही कागदाकडेच बघताय." मी म्हटलं, "एखादा राहून जायला नको." ती गाल फुगवत होती असं वाटतं, कारण फुस्स असा आवाज येत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मानसीचा फोन पुण्याहून. "बाबा, आई व्हिडिओ कॉल घेत नाही. कशी आहे खरंच?" मी म्हटलं, सुधारणा आहे. आणि ती आहेच. ओठाचा कोपरा पहिल्या दिवशी बोटभर खाली होता, आता बराच वर आला आहे. डोळा मिटतो. मी चोरून बघतो, ती पोळ्या लाटत असताना किंवा देवाला फुलं वाहत असताना. तिला अर्थातच मी सांगत नाही. चेहऱ्याचा विषय काढायचाच नाही, हा आमच्या घरातला नियम. मी केलेला.

अनीसभाईंचे फोन येतच आहेत. "अंकल, शीशा कब का तैयार है. दुकान में खड़ा है, कोई ठोकर मार देगा, फिर मत कहना." मी म्हणतो, अगले हफ्ते.

१० मार्च, सोमवार

अनीसभाईंचा आज वेगळाच सूर. त्यांच्या दुकानात घरं सजवणारी कुणी मॅडम आली होती. आरसा बघून वेडी झाली म्हणे. मागे जळका शिक्का आहे, 'मेड इन डेन्मार्क'. ती म्हणाली, हे जुनं डॅनिश काम आहे, अशी साधी चौकट आता सापडत नाही, लोक शोधत फिरतात. आमच्या आईचा पाट! ती हयात असती तर पोट धरून हसली असती.

विकता का, असं विचारतात. मी दुपारभर विचार केला. त्या आरशानं तिला पहिल्यांदा तो चेहरा दाखवला. तो भिंतीवर परत आला की रोज सकाळी तेच. गेलेला बरा. वडिलांची आठवण आहे, हे खरं. पण वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं. संध्याकाळी फोन करून हो म्हणालो. फोन ठेवल्यावर छातीत जड जड झालं. हरभऱ्याची उसळ बाधली असेल.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. खाली पोरांचा धुमाकूळ. शकुंतलाबाई बेल न वाजवता आत शिरल्या, हातात गुलाल. सुहासिनी स्वयंपाकघरात होती, तिला पळता आलं नाही. बाईंनी तिच्या दोन्ही गालांना गुलाल लावला, तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरंच बरं आहे की गं! आणि हे कुंकू कुठे लावलंयस, भुवईवर? मागच्या आठवड्यात गॅलरीत होतीस तेव्हापण असंच होतं. रोज आंधळी कोशिंबीर खेळतेस का?" आणि बोटानं पुसून सारखं केलं.

मी सोफ्यावर थिजलो. असं कुणी बोलतं का आजारी माणसाला? सुहासिनीनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

रात्री जेवली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर सुहासिनी माझा मोबाइल हातात घेऊन खुर्चीत बसली होती. त्या उजळ चौकोनाच्या बरोबर खाली.

"अनीसभाईंचा फोन होता. रविवारी त्या बाई आरसा न्यायला येणार. पक्कं ना, म्हणून विचारत होते."

मी टॉवेल गुंडाळून उभा. "अगं, तुला त्रास होतो म्हणून."

"मला की तुम्हाला?"

"मला कशाला होईल?"

"दोन महिने झाले, तुम्ही माझ्याकडे बघितलेलं नाही. कागदाकडे बघता, टीव्हीकडे बघता, आमटीत बघता. मी उजवी बाजू पुढे करून बसते, तरी बघत नाही. आधी आरसा काढलात. मला वाटलं, मी त्यात उभी राहिलेली यांना बघवत नाही. आता विकूनच टाकताय." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "इतकी वाईट दिसते का हो मी?"

मी म्हणालो, "तू रडत होतीस त्या दिवशी. आरशासमोर."

"रडणार नाही तर काय करणार? रडले असते चार दिवस आणि मग सवय झाली असती. माझाच चेहरा आहे तो." मग तिनं कपाळाला हात लावला. "आणि हे कुंकू. शकुंतला म्हणाली ते खरं? रोज वाकडं होतं?"

"हो."

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"किती वाकडं?"

"कधी दोन सूत. कधी तीन. एकदा भुवईवर."

ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. "स्वतःच्या लग्नात अंतरपाट तिरका म्हणून ओरडणारा माणूस! आरसा नसला तरी मी बिनधास्त होते. म्हटलं, हे घरात आहेत, वाकडं असतं तर बोलले असते. तुम्ही बोलला नाहीत म्हणजे सरळच आहे, असं धरून मी दूधवाल्यापुढे गेले, गॅलरीत उभी राहिले. सगळ्या जगाला दिसलं आणि एक तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं."

"वाटलंच की वाईट. फक्त एकटीला वाटलं."

मी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसलो, टॉवेलवरच. अंगावरचं पाणी फरशीवर गळत होतं, तिनं त्याबद्दलही काही म्हटलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. सरळ बघितलं. ती म्हणाली, "सांगा आता. साइटवर सांगायचात तसं. काही लपवू नका."

मी सांगितलं. डावी भुवई अजून खाली आहे, पण आठी पडते. डोळा मिटतो, जरा उशिरा मिटतो. गालाची घडी परत आली आहे. ओठाचा कोपरा दोन सूत खाली आहे.

"आधी किती होता?"

"जानेवारीत? बोटभर. जास्तच."

ती पुढे सरकली. "म्हणजे सुधारलंय?"

"अगं, खूप! डॉक्टरसुद्धा..."

"डॉक्टर, शकुंतला, सगळे समजूत घालतात असंच वाटायचं मला. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत," ती म्हणाली, आणि आता मात्र रडली. "मी समजत होते अजून तसंच आहे. बोटानं चाचपून बघायची, बोटाला काय कळतंय? मला वाटलं, हे इतके गप्प आहेत म्हणजे वाढतच चाललंय."

मी गाढव आहे. हे वाक्य मी चांगल्या अक्षरात लिहून ठेवतो आहे. बायको बरी होत होती आणि ती बातमी मी माझ्याच खिशात घेऊन दोन महिने फिरलो.

मी तिचा हात धरला. टॉवेल सुटत होता. ती म्हणाली, "आधी कपडे घाला. मग अशोका गार्डनला जा."

२२ मार्च, शनिवार

आरसा घरी आला. कालच जायचं होतं, पण शुक्रवारी अनीसभाईंचं दुकान बंद असतं, फोनवर त्यांनी आज सकाळी बोलावलं. अनीसभाई नाराज झाले, "मैडम को क्या मुँह दिखाऊँगा?" मी म्हटलं, मी बायकोला काय मुँह दाखवू ते आधी बघा. ते हसले आणि स्वतः रिक्षात चढवून दिला. पॉलिश सुरेख झालं आहे, पण खालच्या फळीवरचा लाल डाग त्यांनी घासून काढला. "दाग निकाल दिया अंकल, एकदम साफ," असं कौतुकानं दाखवत होते. त्यांना काय बोलणार? आईचा आणि हिचा डाग होता तो.

घरी आल्यावर जुन्याच खिळ्याच्या जागी नवा हुक ठोकला, आरसा टांगला. पाणसळ काढून ठेवली होती, लेव्हल बघायला. पण तेवढ्यात सुहासिनी समोर येऊन उभी राहिली. मी बाजूला होत होतो, तिनं दंड धरून उभं केलं. "थांबा इथेच."

ती बघत राहिली. भुवई उचलली, गाल फुगवला, दात दाखवले. मी आरशातून तिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "दोन सूत म्हणालात ना? मला अडीच वाटतंय." मी म्हटलं, "दोनच. माझ्याशी मापात वाद घालू नकोस." मग तिनं फळीवर हात फिरवला. डाग गेलेला तिला लगेच दिसला. आतून करंडा आणून ठेवला, मेण लावलं, पिंजर लावली. थोडी फळीवर सांडली, ती तिनं पुसली नाही.

"बघा," ती म्हणाली.

"एक सूत डावीकडे."

तिनं सारखं केलं. इतकं हलकं मला जानेवारीपासून वाटलं नव्हतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी गॅलरीत उभारली. मानसीशी आईचं व्हिडिओवर तासभर बोलणं. व्यायाम रोज आरशासमोर, दोघांनी मिळून. मीही गाल फुगवतो. प्राजक्ता म्हणाली, "काका, आपको तो ज़रूरत नहीं है." सुहासिनी म्हणाली, "असू दे, त्यांच्या तोंडालाही व्यायाम हवाच होता. दोन महिने बंद होतं."

१८ एप्रिल, शुक्रवार

आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. मंडळातल्या झाडून सगळ्या बायका आल्या, अगदी जिना चढताना धापा टाकणाऱ्यासुद्धा. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. मला स्वयंपाकघरात पन्हं ढवळायला बसवलं होतं. यंदा मी बाहेर फिरायला गेलो नाही.

दुपारी बायका यायच्या आधी सुहासिनी हिरवं लुगडं नेसून आरशासमोर उभी राहिली. मी कॉलर पुढे केली. तिनं ती सारखी केली आणि विचारलं, "आज किती?"

"कुंकू बरोबर आहे."

"कुंकवाचं नाही विचारत."

मी बघितलं. डॉक्टर गेल्या आठवड्यात म्हणाले होते, एवढं कदाचित तसंच राहील. "एक सूत," मी म्हणालो. "हसलीस की दिसतं."

"आणि मी हसणार आहे," ती म्हणाली, आणि दार उघडायला गेली.

ती हसली, खरंच. मी पन्हं ढवळता ढवळता ऐकत होतो. दारात येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावत होती, नाव घ्यायला लावत होती, आणि शेवटी भजनाची पहिली ओळही तिनंच उचलली. एका ठिकाणी ओठातून वारा निसटला. ती थांबली, पुन्हा सुरुवात केली. स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पन्ह्यात पडू नये म्हणून मी पातेलं बाजूला सरकवलं.

मग शकुंतलाबाईंचा आवाज, ब्रेक न लावलेला. "केशवराव, बाहेर या जरा! अहो, तुमचा आरसा तिरपा आहे!"

मी हसतच बाहेर आलो. म्हटलं, बाईंची नजर वयानं गेली. माझ्या घरात तिरपा? पण सगळ्या बायका माना वाकवून बघत होत्या, म्हणून पाणसळ आणून वर ठेवली. बुडबुडा एका बाजूला. चांगला दोन सूत तिरपा.

बायकांना तर दिवाळीच. "इंजिनियरसाहेबांचा आरसा!" "नाचता येईना, अंगण वाकडं!" मला लाज वाटली, पण त्याहून जास्त नवल वाटलं. महिनाभर मी रोज त्या आरशासमोर उभा राहतो. सकाळी व्यायामाला उभा राहतो, बाहेर जाताना उभा राहतो. रस्त्यावरचा विजेचा खांब कलला तर माझ्या लांबून लक्षात येतं, आणि हे नाकासमोरचं दिसलं नाही. कसं सुटलं, खरंच कळत नाही. इतके दिवस मी त्यात बघत काय होतो?

मी हुक सैल करायला हात घातला. सुहासिनीनं हातातलं कुंकवाचं ताट खाली ठेवलं आणि माझा हात धरला. चौकटीला तिच्या बोटाचा लाल ठसा लागला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर हसली. एक सूत वाकडं. "आरशाचं आणि माझं जमतंय आता."

मी पाणसळ कपाटात ठेवून दिली.